गावाकडचा बास्केटबॉलपटू कुठवर जाईल? हा वाद नीट कसा घालावा

अमेरिकेतल्या इंडियाना, केंटकी, आर्कान्सा, व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांत जवळजवळ दर हिवाळ्यात एखाद्या लहानशा गावातल्या हायस्कूलचा एखादा मुलगा सामन्यामागून सामन्यात तीस-पस्तीस गुण करू लागतो आणि त्याच्या भवितव्यावरून वादाला तोंड फुटते. एका बाजूला तो मोठ्या कॉलेजात एक वर्ष खेळून थेट एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीत जाणार याची खात्री असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे थोडक्यात ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ असे असते. हा वाद घालूच नये असे माझे म्हणणे नाही. हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी घालवण्यासाठी याहून चांगला विषय त्या भागात क्वचितच मिळेल. मात्र बहुतेक वेळा तो निकालाविना संपतो, कारण कोणी नेमका कोणता दावा केला आहे हेच ठरलेले नसते. पुढची पद्धत अमेरिकेत राहणाऱ्या आणि इथून रात्री जागून सामने पाहणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या मराठी रसिकांसाठी आहे.

आधी दावा ठरवावा

हेल्टनव्हिल हे दक्षिण इंडियानातले अगदी छोटे गाव. तिथला डेमन बेली आठवीत असतानाच इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट त्याचा खेळ पाहायला गेले आणि तेव्हापासून सारे राज्य त्या मुलाकडे डोळे लावून बसले. १९९० साली बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स शाळेकडून तो राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला, तेव्हा इंडियानापोलिसच्या हूजियर डोममध्ये ४१,०४६ प्रेक्षक होते. संघ मागे पडलेला असताना शाळेचे शेवटचे ११ गुण त्याने एकट्याने केले आणि कॉन्कर्डच्या शाळेला ६३-६० असे हरवले. चार वर्षांत त्याने ३,१३४ गुण केले आणि तो राज्यातल्या शालेय बास्केटबॉलचा विक्रम ठरला. पुढे तो इंडियाना विद्यापीठाकडून चार वर्षे खेळला, १९९२ साली फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत, गेलेल्या संघात होता आणि १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, इंडियाना पेसर्सने त्याला ४४ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या साखळीतला एकही सामना मात्र तो खेळला नाही.

आता बेलीच्या शाळकरी दिवसांत ‘हा मुलगा फार मोठा होणार’ असे म्हणणारा बरोबर ठरला की चूक? कॉलेजपुरते पाहिले तर तो बरोबर होता, एनबीएपुरते पाहिले तर साफ चूक होता, आणि त्याच्याशी वाद घालणाऱ्यालाही नेमके हेच उलट बाजूने लागू पडते. म्हणून वादाच्या सुरुवातीलाच दाव्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: कोणत्या स्तरावर, कोणत्या भूमिकेत आणि किती वर्षांत. ‘तो चांगला खेळतो’ हा दावा नव्हे. ‘तो दुसऱ्या हंगामापर्यंत डिव्हिजन एकच्या मध्यम ताकदीच्या संघात सुरुवातीच्या पाच जणांत असेल’ हा दावा आहे, कारण तो खोटा ठरू शकतो.

स्तर म्हणजे काय, हेही एकदा समजून घ्यावे. कॉलेजांतल्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचे तीन विभाग आहेत. त्यांतल्या पहिल्या, म्हणजे डिव्हिजन एकमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजे आहेत, पण ती सगळी एका माळेचे मणी नाहीत. बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह, बिग ईस्ट यांसारख्या बड्या परिषदांतले (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांतले) संघ ‘हाय-मेजर’ आणि बाकीचे ‘मिड-मेजर’ किंवा त्याखालचे, असे ढोबळमानाने बोलले जाते. डिव्हिजन दोनमध्ये खेळासाठीची शिष्यवृत्ती बहुधा तुकड्यातुकड्यांत वाटली जाते, तर डिव्हिजन तीनमध्ये ती मिळतच नाही. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे आहेत. अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलग्यांची संख्या पाच लाखांच्या वर आहे. त्यांतले शंभरी साडेतीनच्या आसपास एनसीएएच्या कोणत्या तरी विभागात पोहोचतात आणि डिव्हिजन एकमध्ये साधारण शंभरात एक. ज्याला गावात ‘फक्त मिड-मेजर’ म्हणून नाक मुरडले जाते तो मुलगा या हिशेबाने केवढी मजल मारून बसलेला असतो, हे वादात कुणीतरी आठवण करून द्यावे लागते.

गुणांना कात्री लावावी

शाळेतली गुणसरासरी हा या वादातला सर्वांत मोठ्या आवाजाचा आणि सर्वांत कमी उपयोगाचा पुरावा आहे. तो टाकून देऊ नये, पण त्यावरची सूज उतरवून मग वापरावा.

पहिली सूज मैदानाची. बहुतेक राज्यांत शालेय सामना ३२ मिनिटांचा असतो, कॉलेजचा ४० आणि एनबीएचा ४८; इथपर्यंत हिशेब मुलाच्याच बाजूचा दिसतो. पण शाळेत तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजात ती २२ फूट पावणेदोन इंचांवर जाते आणि एनबीएत समोरून २३ फूट ९ इंचांवर. अनेक राज्यांत शालेय सामन्याला शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्यासाठीची वेळेची मर्यादा, नाही, त्यामुळे मुलाला चेंडू हातात घोळवून, समोरच्याला दमवून, हवा तसा शॉट येईपर्यंत थांबता येते. कॉलेजात ही चैन ३० सेकंदांत संपते आणि एनबीएत २४.

दुसरी सूज प्रतिस्पर्ध्यांची, आणि ग्रामीण मुलाच्या बाबतीत हीच निर्णायक असते. इथे राज्याराज्यांतला फरक माहीत असणे आवश्यक आहे. इंडियानात १९९७ पर्यंत सर्व शाळांची एकच स्पर्धा होती, त्यामुळेच १९५४ साली अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलला मन्सी सेंट्रलसारख्या बलाढ्य शाळेला ३२-३० असे हरवून राज्य अजिंक्यपद मिळवता आले. त्यानंतर विद्यार्थिसंख्येनुसार गट पडले आणि आता तिथल्या लहान शाळेचा विजेता बहुतांशी लहान शाळांनाच हरवून आलेला असतो. केंटकीत मात्र आजही एकच राज्यस्पर्धा होते. तिथल्या डोंगराळ काउंटीतली शाळा पुढे गेली तर लेक्झिंग्टनच्या रप अरीनामध्ये तिची गाठ लुईव्हिलच्या मोठ्या शाळांशी पडू शकते. म्हणून केंटकीतल्या मुलाने राज्यस्पर्धेत केलेले २५ गुण आणि दुसऱ्या राज्यातल्या सर्वांत लहान गटात केलेले ४० गुण यांत पहिले मला नेहमी जड वाटतात.

करायचे ते असे. मुलाच्या पूर्ण हंगामातले त्याला भेटलेले सर्वांत तगडे पाच-सहा संघ निवडावेत, म्हणजे ज्यांच्यात कॉलेजला जाणारा किमान एक खेळाडू आहे असे, आणि फक्त तेवढ्याच सामन्यांतली आकडेवारी बाजूला काढावी. डिसेंबरच्या सुट्टीतल्या स्पर्धा यासाठी उपयोगी असतात, कारण तिथे लहान शाळा मोठ्यांना भेटतात. उन्हाळ्यातले एएयू, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब, संघांचे सामने त्याहून उपयोगी, कारण नायकी, आदिदास, अंडर आर्मर या कंपन्यांच्या मालिकांत देशभरातली निवडक मुले समोरासमोर येतात आणि कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाहण्यासाठी ठरवून दिलेल्या दिवसांत भिंतीलगतच्या खुर्च्या त्यांनीच भरलेल्या असतात. अशा सामन्यांत गुण कमी होणारच. किती कमी होतात यापेक्षा कसे कमी होतात ते पाहावे. शॉट तेवढेच चांगले मिळत असून चुकत असतील तर काळजीचे कारण थोडे; शॉट मिळवणेच जमत नसेल तर अधिक.

या कात्रीचे सर्वांत बोलके उदाहरण मॅक मॅक्लंगचे आहे. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या गेट सिटीसारख्या लहान गावातल्या या ६ फूट २ इंचांच्या मुलाने एका हंगामातल्या गुणांचा ॲलन आयव्हर्सनचा राज्यविक्रम मोडला आणि २०१८ च्या आपल्या गटातल्या अंतिम सामन्यात ४७ गुण केले. तो जॉर्जटाऊनला आणि नंतर टेक्सस टेकला खेळला, दोन्हीकडे भरपूर खेळला, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नाही. पुढे त्याने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे एनबीएची डंक स्पर्धा जिंकली आणि २०२३-२४ मध्ये जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तरी एनबीएतले त्याचे सामने मोजकेच राहिले. त्याच्या गुणांत खोट नव्हती. पण त्या उंचीच्या, चेंडू सतत हातात लागणाऱ्या गार्डसाठी एनबीएत जागा फारच थोड्या असतात, आणि त्या जागा ज्यांच्याकडे आहेत ते जगातले उत्तमोत्तम आहेत.

वरच्या पायरीवर काय टिकते ते पाहावे

लांबी टिकते. उंचीपेक्षा हातांचा पसारा आणि उभे राहून हात वर केल्यावर बोटे कुठवर पोहोचतात ती मोजणी अधिक खरी, कारण शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेतली उंची बहुधा बुटांसकट आणि वर थोडी उदारता मिसळून छापलेली असते. मुलगा ६ फूट ४ इंच आहे असे वाचले तर वादात ६ फूट ३ धरून चालावे.

फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, टक्केवारी टिकते. शाळेतली तीन गुणांची टक्केवारी जवळची रेषा आणि थोडे प्रयत्न यांमुळे फसवी असते. फ्री थ्रोचे अंतर मात्र शाळा, कॉलेज आणि एनबीए या तिन्ही ठिकाणी १५ फूटच असते आणि समोर हात आडवा घालणारा कोणी नसतो. त्यामुळे पुढे जाऊन मुलगा लांबून मारू शकेल का, याचा अंदाज घेताना निवडकर्तेसुद्धा फ्री थ्रोकडे आवर्जून पाहतात.

पास देण्याची समज टिकते, चोरलेले चेंडू आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) बऱ्यापैकी टिकतात, कारण त्यांच्यामागे हातांची चपळाई आणि आधी ओळखण्याची बुद्धी असते. केंटकीतल्या लंडन गावच्या नॉर्थ लॉरेल शाळेतून आलेला रीड शेपर्ड हे याचे अलीकडचे उदाहरण. ६ फूट २ इंचांचा हा मुलगा गावचे कौतुक म्हणून हिणवला गेला असता, त्यातून त्याचे आई-वडील दोघेही केंटकी विद्यापीठाकडून खेळलेले असल्याने वशिल्याचीही कुजबुज सहज झाली असती; पण २०२३-२४ च्या एकमेव कॉलेज हंगामात त्याने तीन गुणांचे ५२ टक्क्यांहून अधिक शॉट घातले, सामन्यामागे सरासरी अडीच चेंडू चोरले आणि ह्यूस्टनने त्याला २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर उचलले. यांतला फार मोठा भाग राखीव खेळाडू म्हणून खेळताना झाला. गुणांची सरासरी काढत बसलेल्याला हा क्रमांक उमगला नसता.

वय मोजावे, इयत्ता नव्हे. अमेरिकेत अनेक मुले खेळासाठी एक वर्ष मागे राहतात, त्यामुळे एकाच वर्गातल्या दोघांत दीड वर्षाचे अंतर असू शकते, आणि सतराव्या वर्षी दीड वर्ष म्हणजे बारा-पंधरा पौंड स्नायू.

आणि उंची वाढेल असे गृहीत धरून वाद जिंकू नये. या ठिकाणी स्कॉटी पिपेनचे नाव हमखास पुढे केले जाते: आर्कान्सातल्या हॅम्बर्ग गावचा मुलगा, शाळा सुटताना ६ फूट १ इंच, कोणाचीही शिष्यवृत्ती नाही, सेंट्रल आर्कान्सा या तेव्हाच्या एनएआयए कॉलेजात संघाचे सामान सांभाळत सुरुवात, तिथे अर्ध्या फुटाहून अधिक वाढ, आणि १९८७ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यासारखी दुसरी सापडायला फार वेळ लागतो म्हणूनच ती सगळ्यांना पाठ आहे.

चित्रफीत पाहताना

दोन मिनिटांची निवडक फटक्यांची चित्रफीत पाहून मत देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. अनेक राज्यांत शालेय सामन्यांचे पूर्ण चित्रीकरण पैसे भरून पाहता येते. इंडियानापोलिस किंवा लुईव्हिलच्या आसपास राहणाऱ्याला तासाभराच्या अंतरावर जाऊन प्रत्यक्षच पाहता येतो. पूर्ण सामना घ्यावा, शक्यतो हरलेला, आणि त्यातली आठ मिनिटे चेंडूकडे अजिबात न पाहता केवळ त्या मुलाकडे पाहावे.

चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना तो कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा राहतो की जागा बदलतो? त्याचा शॉट चुकल्यावर पहिली दोन पावले कोणत्या दिशेने पडतात? बचावात समोरच्या शूटरकडे धावत जाताना शेवटच्या दोन यार्डांत तो पावले आखूड करून थांबतो की सरळ अंगावरून निघून जातो? शाळेत हे खपते, कारण समोरचा मुलगा घाबरून शॉट मारतो. कॉलेजात समोरचा चेंडू फक्त दाखवतो आणि त्याच्या बाजूने रिंगपाशी जातो. डाव्या हाताने तो रिंगपर्यंत जातो का, की डावीकडे गेल्यावर प्रत्येक वेळी उजव्या हातावर परत येतो? दोघांनी घेरल्यावर चेंडू हातातून सुटायला किती वेळ लागतो? ग्रामीण शाळेच्या एकमेव ताऱ्याला प्रत्येक सामन्यात दोघे-तिघे घेरतात, त्यामुळे या एका प्रश्नाचे उत्तर एका संध्याकाळीच वीसेक वेळा मिळते, आणि मला विचाराल तर या वादातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच.

तारे आणि ऑफर

क्रमवारी देणाऱ्या संस्था मुलांना पाचपर्यंत तारे देतात. वरच्या वीस-पंचवीस नावांबाबत त्यांचे मत पुष्कळदा बरोबर असते; दीडशेच्या पुढे क्रमांक हा बराचसा कोणी कोणाला किती वेळा पाहिले याचा हिशेब असतो, आणि तिथेच गावाकडच्या मुलाचे नुकसान होते. एएयूच्या मोठ्या संघात खेळायचे तर महिन्यातून दोन-तीन शनिवार-रविवार शेकडो मैल प्रवास, हॉटेल आणि आईवडिलांची रजा लागते.

जा मोरँट हा साउथ कॅरोलिनातल्या डॅलझेल गावचा. त्याच्या एएयू संघात झायन विल्यमसन होता, तरी मोरँटकडे मोठ्या क्रमवारी देणाऱ्यांचे लक्ष नव्हते. २०१६ साली मरी स्टेटचे साहाय्यक प्रशिक्षक जेम्स केन एका शिबिरात दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते. खायला काहीतरी घ्यायला म्हणून बाहेर पडले असता बाजूच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला, त्यांनी डोकावले, तर आत मोरँट तीन-तीनच्या सरावात खेळत होता. दोन वर्षांनंतर कॉलेजच्या एकाच हंगामात सरासरी २० हून अधिक गुण आणि १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) करणारा तो एनसीएएच्या पहिल्या विभागातला पहिला खेळाडू ठरला, आणि २०१९ मध्ये मेम्फिसने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले.

या कहाणीचा आधार घेऊन ‘आमचाही असाच दडलेला हिरा आहे’ म्हणणाऱ्याला दुसरी कहाणी सांगावी. मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा कूपर फ्लॅग अजिबात दडला नाही: नववीत नोकोमिस शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून दिल्यावर तो फ्लोरिडातल्या मॉन्टव्हर्ड अकॅडमीत गेला, तिथून ड्यूकला, आणि २०२५ मध्ये डॅलसने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याचा जुळा भाऊ एस त्याच शाळेत, त्याच विजेत्या संघात होता. तो मेन विद्यापीठाकडे गेला, म्हणजे तोही डिव्हिजन एकचा खेळाडू झाला. एकच घर, एकच गाव, एकच जिम, आणि दोघांबद्दल करायचे दावे मात्र पूर्ण वेगळे. मला वाटते, ‘गावाकडचा म्हणून कमी’ आणि ‘गावाकडचा म्हणून झाकली मूठ’ या दोन्ही युक्तिवादांना हे एक उदाहरण पुरते.

कॉलेजांकडून येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या ऑफरींच्या बाबतीत संख्या मोजू नये. तोंडी ऑफर कोणालाच बांधील नसते आणि काही प्रशिक्षक ती सढळ हाताने वाटतात. पाहायचे ते असे, की मुख्य प्रशिक्षक स्वतः किती वेळा त्याच्या सामन्याला आले, मुलाला विद्यापीठात अधिकृत भेटीला बोलावले का, आणि त्याच जागेसाठी त्यांनी आणखी किती जणांना विचारले आहे.

कॉलेजचा हिशेब

इथे वाद घालणारे बहुधा जुन्या जमान्यात राहतात. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावातून पैसे कमावता येतात, २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. या सगळ्याचा फटका शाळेतून येणाऱ्या मुलाला बसला आहे. संघात पंधरा जागा. त्यांतली एक अठरा वर्षांच्या, अजून भरायच्या अंगाच्या मुलाला द्यावी की दुसऱ्या कॉलेजात दोन हंगाम गाजवलेल्या बावीस वर्षांच्या गड्याला, असा प्रश्न प्रशिक्षकापुढे असेल तर आणि त्याची नोकरी याच मार्चमधल्या निकालावर अवलंबून असेल तर तो काय करील, हे सांगायला नको. मात्र दार दोन्ही बाजूंनी उघडते. मिड-मेजर संघात पहिल्याच वर्षी तीस मिनिटे खेळलेला मुलगा पुढच्या वर्षी मोठ्या संघात, चांगल्या पैशांत जाऊ शकतो.

म्हणून ‘कोणत्या मोठ्या कॉलेजात जाईल’ या प्रश्नाऐवजी ‘पहिल्या दोन वर्षांत त्याला मिनिटे कुठे मिळतील’ हा प्रश्न वादात आणावा. त्यासाठी संघाची यादी उघडावी, त्याच्या जागेवरचे किती जण परत येत आहेत ते मोजावे, प्रशिक्षकाचे आसन स्थिर आहे का ते पाहावे. अभ्यासही विचारात घ्यावा: डिव्हिजन एकला शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते, आणि लहान शाळेत ते सगळे विषय दर वर्षी शिकवले जातातच असे नाही.

गाव सोडणे जमेल का, हा प्रश्न हळवा वाटला तरी तो विचारावा. फ्रेंच लिकचा लॅरी बर्ड १९७४ साली तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या इंडियाना विद्यापीठात गेला आणि हंगाम सुरू होण्याआधीच घरी परतला. गावच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या गाडीवर त्याने काम केले. नंतर तो टेरे होटच्या इंडियाना स्टेटमध्ये गेला, बोस्टनने त्याला १९७८ साली सहाव्या क्रमांकावर निवडले आणि तरीही कॉलेजातच राहून १९७९ मध्ये त्याने इंडियाना स्टेटला राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. पहिल्या कॉलेजच्या नावावरून त्याचे भवितव्य ठरवणारे दोनदा तोंडघशी पडले असते.

एनबीएचा हिशेब

आकडे कोरडेपणाने मांडावेत. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून साठपर्यंत निवडी होतात आणि त्यांत फ्रान्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे खेळाडू असतात. तीस संघांत प्रत्येकी १५ नियमित करार आणि तीन ‘टू-वे’ करार, म्हणजे एनबीए आणि जी लीग यांच्यात ये-जा करणारे. पहिल्या फेरीतल्याला पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीतल्याला तशी नसते. ड्राफ्ट म्हणजे एनबीए नव्हे हे बेलीने दाखवले. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंगही २०१५ मध्ये डॅलसकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनबीएत एकही सामना खेळला नाही.

उलटही घडते. आर्कान्सातल्या न्यूअर्कजवळ शेतावर वाढलेला ऑस्टिन रीव्ह्ज सीडर रिज शाळेत गुणांचा पाऊस पाडत होता, पण विचिटा स्टेटमध्ये पहिली दोन वर्षे तो मुख्यतः कोपऱ्यातून मारणारा सहायक खेळाडू होता. ओक्लाहोमात गेल्यावर चेंडू त्याच्या हातात आला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडले जाण्यापेक्षा न निवडले जाऊन स्वतः संघ निवडणे त्याने पसंत केले, लेकर्सकडे टू-वे करारावर गेला आणि तिथेच जम बसवला. मॅक्लंग आणि रीव्ह्ज एकाच वर्षीचे, दोघेही न निवडलेले, दोघेही गावाकडचे. माझ्या मते फरक असा, की रीव्ह्जला चेंडू हातात नसताना उपयोगी कसे पडावे हे कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत, नाइलाजाने का होईना, शिकावे लागले होते, शिवाय त्याची उंची तीन इंच अधिक होती. म्हणून एनबीएबद्दल बोलताना एकच प्रश्न धरून बसावे: संघात त्याच्यापेक्षा चांगले चार जण असताना तो काय करील?

युरोप, आशिया आणि जी लीग यांतला पगारी खेळही व्यावसायिकच असतो. ‘प्रो’ या शब्दात तो धरायचा की नाही, हे आधी ठरवून घ्यावे.

नोंद कशी ठेवावी

दावा टक्केवारीत लिहावा. समजा, पूर्व केंटकीतल्या एका शाळेचा गार्ड आहे: खरी उंची ६ फूट ३ इंच, वय साडेसतरा, सरासरी २९ गुण, पण तगड्या सहा संघांविरुद्ध २१, फ्री थ्रो शंभरात ८६, घेरल्यावर चेंडू वेळेत सोडतो, डावा हात कच्चा, मुख्य प्रशिक्षक स्वतः तीनदा येऊन गेलेली मिड-मेजर ऑफर एक. याच्याबद्दल मी लिहीन: पहिल्या हंगामात सामन्यामागे १५ मिनिटे मिळण्याची शक्यता ६० टक्के, चार वर्षांत बड्या परिषदेतल्या संघात बदली ३० टक्के, कुठेही पगारी खेळाडू होणे ३५ टक्के, ड्राफ्टमध्ये निवड २ टक्के. समोरच्याने त्याच चार ओळींपुढे आपले आकडे लिहावेत. जिथे दोघांत दहाहून कमी अंतर असेल ती ओळ सोडून द्यावी, कारण तिथे मतभेदच नाही, आणि उरलेल्या ओळींवरच बोलावे. मुलगा अल्पवयीन असतो, त्यामुळे त्याच्या घरची परिस्थिती, आजारपण आणि मैत्रिणी हे विषय नोंदीत येऊ नयेत आणि ही नोंद त्याच्यापर्यंत पोहोचेल अशा ठिकाणी टाकूही नये.

पहिली तपासणी त्याचा कॉलेजचा पहिला हंगाम संपल्यावर, परिषदेची स्पर्धा आटोपली की मार्चच्या मध्यावर करावी, दुसरी त्या वसंतात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदणी, बंद झाल्यावर. मधल्या काळात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तर मुदत एक वर्षाने पुढे ढकलावी, आकडे मात्र बदलू नयेत.